माळवद आणि आर्द्रा

मिरग निघायच्या आधी आमच्या घरावर माती चढायची. मे संपत आला की तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, गावाच्या पांढरीतून बैलगाडीभर माती आणायचे, शिडी लावायचे आणि आम्हा पोरांची रांग उभी करायचे. भरलेलं टोपलं वर, रिकामं खाली. माती पसरायची, पाणी शिंपडायचं, पायांनी तुडवायची, चोपण्यानं चोपायची. उंदरांची बिळं बुजवायची. पन्हाळाकडे उतार ठेवायचा. दोन दिवसांत काम उरकलं की आजी खालून विचारायची, "झालं का रे? आता पडू द्या म्हणावं किती पडायचा त्यो."

ज्यांनी माळवद पाहिलेलं नाही त्यांना सांगायला हवं. दगडाच्या, मातीत रचलेल्या दोन-अडीच हात जाड भिंती. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यांवर लिंबाचा पाला, आणि सगळ्यांच्या वर माती. मे महिन्यात बाहेर 44 अंश असताना आमच्या माजघरात गारवा असायचा तो या मातीमुळे. पाहुणे कौतुक करायचे. वर किती वजन आहे हे कुणी विचारायचं नाही.

लहानपणी माझ्याही लक्षात आलं नव्हतं की पावसात वाहून जायची त्यापेक्षा जास्त माती दरवर्षी वर जात होती. जुनी खरवडून काढणं म्हणजे दुप्पट मजुरी. त्या फंदात कोण पडणार? पणजोबांनी घर बांधलं तेव्हा आपल्याकडे निजामाचं राज्य होतं. तेव्हाचा वीतभर थर माझ्या वेळेपर्यंत हातभर झाला होता. खांब मात्र तेच, पणजोबांचे.

2006 च्या श्रावणात झड लागली. मी पुण्यात एम.एस्सी. करत होतो. सकाळी फोन आला. तात्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "माळवद बसलं. माणसं समदी नीट हायत. तू परीक्षा देऊनच ये."

"बसलं." आपल्याकडे घर पडलं असं फारसं म्हणत नाहीत. झाड पडतं, माणूस पडतो. घर बसतं, विहीर बसते. जे आपल्याच वजनानं आत येतं, ते बसतं. पुढे वर्गात तारे शिकवायला लागलो तेव्हा पुस्तकातला "गुरुत्वीय अवपात" हा शब्द फळ्यावर लिहायचो आणि खालच्या आवाजात सांगायचो: तारा बसतो. पोरांना लगेच कळायचं.

*

मिरग, आडदरा ही आमच्या शिवारात पावसाची नावं आहेत. ती आकाशातल्या ताऱ्यांची आहेत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मृग नक्षत्रातला तांबूस ठळक तारा म्हणजे आर्द्रा, मराठी पुस्तकांतला काक्षी. गंमत अशी की जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, जेव्हा पारावर आडदऱ्याशिवाय दुसरा विषय नसतो, तेव्हा हा तारा दिसतच नाही. सूर्य त्याच्याच दिशेला असतो. तो बघायचा तर जानेवारीत, तुरी काढून झाल्यावर, रात्री नऊच्या सुमाराला.

या ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या पंधरा-वीस पट. आकार इतका अवाढव्य की सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वी त्याच्या पोटात जाईल. आणि तो म्हातारा आहे. खगोलशास्त्रज्ञांच्या हिशेबात म्हातारा म्हणजे फार तर लाखभर वर्षं शिल्लक.

अशा ताऱ्याचं सगळं आयुष्य एका ओझ्याखाली जातं. त्याचं स्वतःचंच वजन त्याला चहूबाजूंनी आत दाबत असतं, आणि पोटातल्या भट्टीची उष्णता ते तोलून धरते. उष्णता सतत बाहेर निसटते, म्हणून भट्टी सतत पेटती लागते. उभं राहायचं तर रोज काहीतरी जाळावं लागतं. या भट्टीचा हिशेब मी दरवर्षी फळ्यावर मांडतो आणि दरवर्षी मलाच धस्स होतं. सूर्याच्या पंचवीस पट वजनाचा तारा घ्या. हायड्रोजन पुरतो साधारण सत्तर लाख वर्षं. त्यातून झालेला हेलियम सात लाख वर्षं. मग कार्बन सहाशे वर्षं. निऑन एक वर्ष. ऑक्सिजन सहा महिने. शेवटी सिलिकॉन: एक दिवस.

एक दिवस! मागच्या बाकावरचा एक मुलगा एकदा म्हणाला, "सर, हे तर आधी वावर, मग बैल, मग भांडी विकल्यासारखं झालं." त्याला पैकीच्या पैकी मार्क द्यायला हवे होते.

सिलिकॉन जळून होतं लोखंड, आणि तिथं भट्टीचा धंदा आतबट्ट्याचा होतो. लोखंडाची अणुकेंद्रकं जोडली तरी ऊर्जा सुटत नाही, उलट पदरची घालावी लागते. मग ताऱ्याच्या मध्यभागी लोखंडाचा एक गोळा साचत जातो, आकारानं पृथ्वीच्या आसपास, पण वजनानं पार सूर्याच्या बरोबरीचा आणि पुढे. भोवतीच्या सिलिकॉनची राख वरून पडतच राहते. दर मिरगाला माळवदावर माती, तसं. काढायला कुणी नाही.

तरी तो गोळा काही काळ उभा राहतो. कशावर? आता भट्टी नाही. खांब आहेत ते इलेक्ट्रॉनांचे. इलेक्ट्रॉनांचा एक स्वभाव आहे: एका खोलीत दुसरं बिऱ्हाड चालत नाही. दाबून दाबून जवळ आणले की ते जोरानं पळापळ करून जागा अडवतात. या दाबाला उष्णता लागत नाही, म्हणून तो फुकटचा आधार वाटतो.

हा आधार कुठवर पुरेल याचा हिशेब 1930 च्या उन्हाळ्यात एका एकोणीस वर्षांच्या मुलानं केला. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर 31 जुलैला मुंबईहून बोटीनं इंग्लंडला निघाले. वाटेत त्यांनी विझलेल्या श्वेत बटू ताऱ्यांचं गणित मांडलं आणि त्यात सापेक्षता घातली. वजन वाढेल तसे इलेक्ट्रॉन अधिक वेगानं पळतात. पण प्रकाशाच्या वेगापुढे जाता येत नाही, म्हणजे जोर लावायलाही मर्यादा आली. ती मर्यादा सूर्याच्या साधारण 1.4 पट वस्तुमानाची. त्यावर एक टोपलं पडलं की खांब पेलत नाहीत.

1935 च्या जानेवारीत लंडनला रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत नामवंत खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टननी या निष्कर्षाची जाहीर खिल्ली उडवली. तारा असा वेडगळपणा करणार नाही, निसर्गात तसं होऊ न देणारा काही नियम असलाच पाहिजे, असा त्यांचा सूर होता. चंद्रशेखरना नोबेल मिळालं 1983 साली. एडिंग्टनचा मला राग येत नाही. "आपलं घर बसायचं नाही" असं मीही वीस-बावीस वर्षं धरून चाललो होतो, तेही काहीच हिशेब न करता.

खरी मेख पुढे आहे. लोखंडाचा गोळा त्या मर्यादेशी आला की दाब इतका वाढतो की इलेक्ट्रॉन प्रोटॉनांत घुसवले जातात, त्यांचे न्यूट्रॉन होतात आणि न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण निसटून जातात. म्हणजे ओझं वाढलं, आणि ज्यांनी ते धरलं होतं ते खांबच नाहीसे झाले. मातीचा ढिगारा उपसताना तात्यांना आमच्या मधल्या खांबाचा बुडखा सापडला. बाहेरून गुळगुळीत, तेलकट, हात फिरून फिरून काळा झालेला. आतून वाळवीनं पोकळ. मूठ आत जात होती.

त्यानंतर काय होतं ते पाव सेकंदात होतं. पृथ्वीएवढा गोळा काही दहा किलोमीटरांत येतो, आत येणाऱ्या द्रव्याचा वेग सेकंदाला 70,000 किलोमीटरपर्यंत जातो. लाखो वर्षं जे तोलून धरलं होतं त्याला डोळा मिटून उघडण्याइतकाही वेळ लागत नाही. वरचे थर पुष्कळदा उधळले जातात, तोच अतिनवतारा. 23 फेब्रुवारी 1987 ला मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेतला असा एक तारा बसल्याची खबर आली. स्फोटाचा उजेड दिसायच्या काही तास आधी न्यूट्रिनो येऊन गेले होते. जपान, अमेरिका आणि रशियातल्या जमिनीखालच्या उपकरणांत मिळून जेमतेम पंचवीस सापडले. अशा घटनेतली 99 टक्के ऊर्जा तेच घेऊन जातात. आपण ज्या झगमगाटाकडे बोट दाखवतो तो उरलेला चुरा.

बहुतेक वेळा आत न्यूट्रॉनांचा गोळा शिल्लक राहतो, म्हणजे पडलेल्या घरातली एक भिंत उभी राहिल्यासारखं. पण त्याचं वजन सूर्याच्या दोन-सव्वादोन पटींपलीकडे गेलं तर न्यूट्रॉनांचाही आधार तुटतो. आणि इथं आइन्स्टाइनचा सिद्धांत एक भलतीच गोष्ट सांगतो. वजन फक्त द्रव्याचं नसतं. दाबालाही गुरुत्व असतं. कोसळणं रोखायला आतून दाब वाढवावा, तर तो दाबच आत ओढणाऱ्या ताकदीत भर घालतो. टेकू लावावा तर टेकूचंच ओझं माळवदावर! हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो.

*

त्या रात्रीचं तात्या असं सांगतात: "आधी माती गळायली. बारीक. देवळीतल्या दिव्यावर. म्हणलं उंदीर असंल. मग मधला खांब वाजला, कट् असा. म्हणलं उठा. बाईला उचललं, लेकरं पुढं घातली, ढाळजंतून बाहेर आलो अन् मागं वळून बघूस्तोवर बसलं. धप्प. लई टाइम नाही लागला बाबा."

मी पोहोचलो तीन आठवड्यांनी. तोवर दगड एकीकडे रचले होते, कामाची लाकडं शेजारच्या गोठ्यात, माती अर्धी उचललेली. मी घर बसलेलं पाहिलंच नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर ते अजून बसलेलं नाही. स्वप्नात कधी आलंच तर उभं असतं, देवळीत दिवा असतो, फक्त उजेड थोडा मंद, तांबूस.

1939 च्या 1 सप्टेंबरला, हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये शिरलं त्याच दिवशी, भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट ओपेनहायमर आणि हार्टलँड स्नायडर यांचा एक निबंध छापून आला. (वर्षभर आधी बी. दत्त या भारतीय संशोधकानं त्याच जातीची उकल मांडली होती. त्यांचं नाव आपल्याकडेही कुणी घेत नाही.) दाब नसलेला, धुळीचा, अगदी गोल तारा घ्यायचा आणि तो पडत गेला तर काय दिसेल ते काढायचं. उत्तरं दोन निघाली, आणि दोन्ही खरी. ताऱ्याबरोबर आत पडणाऱ्याच्या घड्याळात सगळं थोड्या वेळात आटपतं. लांबून बघणाऱ्याला मात्र तारा एका सीमेपाशी येता येता मंदावत जातो, तांबडा होतो, फिकट होतो, आणि सीमा ओलांडताना कधीच दिसत नाही. तात्यांचं घड्याळ आणि माझं.

ती सीमा म्हणजे घटना क्षितिज, तिच्याआड गेलेला तारा म्हणजे कृष्णविवर. सूर्याएवढ्या वजनामागे तीन किलोमीटर त्रिज्या, असा सोपा हिशेब आहे. दहा सूर्यांचं कृष्णविवर औंढ्याच्या देवळापाशी ठेवलं तर 30 किलोमीटर त्रिज्येचं रिंगण पडेल. हिंगोली आत, वसमत आत, परभणी वाचली. अख्खी पृथ्वी दाबून बसवायची तर बोराएवढी करावी लागेल. तिथं भिंत नसते, पाटी नसते. ओलांडणाऱ्याला ओलांडल्याचं कळतही नाही. फक्त पुढची कुठलीच वाट बाहेर येत नाही.

पण आत काय? ओपेनहायमर-स्नायडरच्या गणितात सगळा तारा एका बिंदूत जातो, घनता अनंत होते. पुष्कळांना वाटलं, हा त्या गोल गुळगुळीत ताऱ्याचा दोष आहे. खरा तारा थोडा वाकडा असतो, फिरत असतो. त्याचं द्रव्य मध्यभागी एकमेकांना चुकवून पलीकडे निघून जाईल. शंका रास्त होती. तिचं उत्तर मिळायला कोलकात्याची मदत लागली. 1955 साली अमलकुमार रायचौधुरींनी एक समीकरण प्रसिद्ध केलं: गुरुत्वाच्या प्रभावाखाली शेजारशेजारनं जाणाऱ्या वाटा एकमेकींकडे कशा वळत जातात, याचं. त्यात गोल तारा वगैरे काही धरायची गरजच नव्हती.

मग 1964 च्या शरदात गणितज्ञ रॉजर पेनरोज लंडनमध्ये एका मित्राशी गप्पा मारत चालले होते. रस्ता ओलांडायचा म्हणून बोलणं थांबलं, आणि तेवढ्यात डोक्यात काहीतरी चमकून गेलं. पलीकडे पोहोचल्यावर गप्पा पुन्हा सुरू झाल्या आणि ते विसरून गेले. दिवसभर उगाच मजेत वाटत होतं. संध्याकाळी आठवून आठवून ते त्या रस्त्यापर्यंत परत आले. सापडलेली गोष्ट अशी: सगळीकडून बंद असा एक पृष्ठभाग धरा आणि त्यावर एका क्षणी दिवे लावा. एरवी आत जाणारा उजेड आकसतो आणि बाहेर जाणारा पसरतो. कोसळणाऱ्या द्रव्याभोवती असा पृष्ठभाग तयार होतो की तिथला बाहेर फेकलेला उजेडही आकसतच जातो. असं एकदा झालं की तारा वाकडा असो, फिरता असो, सुटका नाही. 1965 साली त्यांनी हे तीनेक पानांत मांडलं. नोबेल 2020 साली.

पेनरोजचं प्रमेय काय म्हणतं ते नीट ऐकण्यासारखं आहे, कारण तिथंच लोकांची गल्लत होते, माझीही झाली होती. ते अनंत घनतेबद्दल काही म्हणत नाही. ते म्हणतं, काही वाटा संपतात. भिंत आली म्हणून नाही, दरी आली म्हणून नाही. वाटच पुढे नाही. त्या वाटेवरच्या प्रवाशाला पुढचा क्षण नाही. याला सिंग्युलॅरिटी म्हणतात. मराठीत मला पटेल असा शब्द अजून सापडलेला नाही, आणि "कृष्णविवर" जसा जिभेवर बसला तसा हा बसेल असं वाटत नाही. न फिरणाऱ्या कृष्णविवरात तर ती जागाही नसते, ती वेळ असते. समोर दिसत नाही, डावी-उजवीकडे वळून चुकवता येत नाही. उद्याला वळसा घालून परवाकडे जाता येतं का? दहा सूर्यांच्या कृष्णविवरात क्षितिज ओलांडल्यापासून तिथवर पोहोचायला जास्तीत जास्त सेकंदाचा साडेसहा हजारावा भाग.

सिंग्युलॅरिटी नेहमी क्षितिजाआड झाकलेलीच असेल, असा कयास पेनरोजनी 1969 मध्ये मांडला. तो अजून सिद्ध झालेला नाही. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत दीर्घ काळ काम केलेले पंकज जोशी वर्षानुवर्षं हेच दाखवत आले की सैद्धांतिक ताऱ्यात घनता आतून बाहेर ठरावीक तऱ्हेनं बदलत असेल तर क्षितिज उशिरा तयार होतं आणि सिंग्युलॅरिटी उघडी पडू शकते. मला वैयक्तिक विचाराल तर ती उघडी सापडावी. हिशेब जिथं मोडतो ती जागा कायमची झाकलेली असणं फार सोयीचं वाटतं.

वीसेक वर्षं मी लोकांना सांगत होतो की घर का पडलं: झड, वाळवी, माती. खरं म्हणजे विचारायला हवं होतं की इतकी वर्षं ते उभं कशावर होतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत भूकंपानं जमीन काही क्षणच हलली. हजारो माणसं गेली ती दगड-मातीच्या घरांखाली, डोक्यावरच्या त्या गारव्याखाली. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. महिनाभर सगळं गाव अंगणात झोपलं. मग थंडी वाढली, आणि एकेक खाट पुन्हा आत गेली. पुढच्या मे महिन्यात आम्ही माळवदावर माती टाकली.

*

आता औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडियाची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी, वेधशाळा व्हायची आहे. 2016 साली तत्त्वतः मंजुरी, 2023 च्या एप्रिलमध्ये 2,600 कोटींची. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर. नामदेवांच्या मुलखात, जिथं देवाच्या दर्शनालाही अरुंद वाटेनं जमिनीखाली उतरावं लागतं, तिथं बसलेल्या ताऱ्यांची खबर ऐकायची. अमेरिकेतल्या लायगोनं 14 सप्टेंबर 2015 ला पहिल्यांदा ती ऐकली: सूर्याच्या सुमारे 36 आणि 29 पट अशी दोन कृष्णविवरं 130 कोटी वर्षांपूर्वी एकमेकांत मिसळली होती आणि तीन सूर्यांएवढं द्रव्य लहरी होऊन निघून गेलं होतं. आपल्यापर्यंत पोहोचेतो त्या लहरींनी चार किलोमीटरची भुजा प्रोटॉनच्या शेकडाव्या भागाहूनही कमी हलवली.

21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमाराला हिंगोलीकडे 4.5 चा धक्का बसला. पत्रे वाजले, आम्ही बाहेर आलो. मी गावी फोन लावला तर तात्या पारावरच होते. म्हणाले, "कुणाचं माळवद बसलं का बघून यायलो." गावात आता सहा-सातच माळवदं उरली आहेत.

आमचं नवं घर स्लॅबचं आहे. उन्हाळ्यात भट्टी. 2019 च्या अखेरीस आर्द्रा अचानक मंद व्हायला लागला तेव्हा जगभर चर्चा झाली की आता फुटतो की काय. तसं नव्हतं, ताऱ्यानंच टाकलेली धूळ आड आली होती, हे नंतर कळलं. 2020 च्या जानेवारीत मी गावी होतो आणि रात्री स्लॅबवर चढून बघत होतो. खरंच मंद होता, शेजारच्या रोहिणीहूनही फिका. तात्या वर आले.

"काय बघायलास?"

दाखवला. आडदरा तो हाच म्हटल्यावर त्यांनी कपाळावर हात धरून, उन्हात बघतात तसा, नीट बघितला.

"बसणार म्हणतोस?"

"बसणार. कदाचित बसलाही असेल. पाच-सहाशे वर्षांपूर्वीचा उजेड बघतोय आपण."

"अन् नसंल बसला तर?"

"फार तर लाखभर वर्षं."

तात्यांनी जरा विचार केला. "म्हणजे औंदाच्या मिरगाला अडचण नाही," असं म्हणाले. तेवढ्यात शिवारात दिवे लागले. लाइट आली होती. गव्हाला पाणी द्यायचं होतं. मोटार चालू करायला ते जिन्यानं खाली उतरले.